बसून झोपणारी भामाबाई

भामाबाई आडवी होऊन झोपत नाही, हे पाबळच्या पलीकडच्या धनगरवस्तीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नवी सून वस्तीवर आली की पाणी कुठून आणायचं आणि सरपण कुठं रचायचं हे दाखवायच्या आधी तिला भामाबाईची लांडग्याची गोष्ट ऐकवली जायची.

गोष्ट अशी. भामाच्या बापाला मेंढरं भरपूर, पण राखायला मोठा मुलगा नव्हता. भाऊ होता तो पाठचा, अगदी लहान. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून सगळे घाट उतरून कोकणात जायचे आणि रात्री कळप राखायची पाळी भामावर यायची. झोपायचं, पण गाढ झोपायचं नाही, म्हणून ती बसूनच झोपायची. गुडघे पोटाशी, मधे काठी, काठीवर हनुवटी आणि अंगावरून घोंगडी. असाच एकदा लांडगा आला. कुत्रं भुंकायच्या आत भामा उठली आणि तिनं त्याच्या नाकाडावर काठी हाणली. लांडगा पळाला. एवढीच गोष्ट, पण सांगणारे बदलत गेले तसा लांडगा वाढत गेला आणि भामाबाईच्या मुलाच्या, बिरदेवच्या, लग्नापर्यंत तो चांगला वासराएवढा झाला. भामाबाईनं त्याला कधी आवर घातला नाही. आपल्या नावावरचा लांडगा लहान करायला कोण जाईल?

या गोष्टीत एक भाग मात्र कुणी सांगत नसे. तिचं लग्न झालं, नवरा आण्णा यानं विहीर खणली, विहिरीला बरं पाणी लागलं, बाजरी-कांदा होऊ लागला आणि कोकणात उतरणं बंद झालं. तेव्हापासून भामाबाई चारचौघींसारखी आडवी पडून, हातपाय पसरून, चांगली घोरत झोपत होती. कित्येक वर्षं. वस्ती ते विसरून गेली, कारण घोरण्याची गोष्ट कोण कुणाला सांगतं!

कळप कमी होत होत डझनभर मेंढ्यांवर आला, पण त्या डझनभर मेंढ्या म्हणजे भामाबाईचा जीव की प्राण. बोडकी, मोरी, डोळ्यांभोवती काळं असलेली काजळी. पाठ करून बसली असली तरी नुसत्या ओरडण्यावरून कोण भुकेलं, कोण मागं राहिलं, कुणाचा पाय काट्यात अडकला, हे ती सांगायची. आण्णा म्हणायचा, "माझ्या हाकंला ओ देत न्हाई, त्या काजळीनं नुसतं नाक वाजवलं तरी उठती."

दोन हजार सहाच्या सुगीत भामाबाईला दम लागायला लागला. आधी विहिरीची चढण चढताना, मग अंगण झाडताना, मग नुसतं बोलतानाही. छातीत शिट्टी वाजायची. गावाकडच्या डॉक्टरांनी छाती ऐकली, घरात मेंढरं आहेत का विचारलं आणि सांगून टाकलं, दमा आहे. लोकरीची धूळ छातीत बसली आहे. पंप ओढा आणि मेंढरं काढा.

पंप भामाबाईनं मुकाट्यानं ओढला. मेंढरांचं मात्र तिनं कानाआड केलं.

आणि मग ते सुरू झालं. रात्री आडवं पडलं की थोड्या वेळानं कुणीतरी विहिरीत ढकलल्यासारखं व्हायचं. श्वास आत जायचाच नाही. धडपडून उठून बसलं, खिडकीकडं तोंड केलं, की हळूहळू जीव जागेवर यायचा. पहिल्या खेपेला आण्णा जागा झाला आणि त्यानं घाबरून विचारलं, "काय गं, काय व्हतंय?"

भामाबाईच्या मनात सगळं एका क्षणात उभं राहिलं. खरं सांगितलं तर उद्या हा बिरदेवला कळवणार, बिरदेव पहिल्या गाडीनं येणार, आणि परवा मेंढरं बाजारात. तिनं काठी जवळ ओढली, हनुवटी टेकवली आणि म्हणाली, "व्हयाचं काय? जुनी सवय. मला बसूनच झोप लागती, इसरला का?"

आण्णा विसरला नव्हता. त्याला उलट कौतुकच वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं बन्सीच्या किराणा दुकानात सांगितलं की म्हातारीच्या अंगात जुनी भामा परत आली आहे, आणि शेजारची रंगुबाई दोन पोरींना घेऊन मुद्दाम बघून गेली. दुसऱ्या कुठल्या घरात म्हातारी भिंतीला टेकून रात्र काढायला लागली असती तर घरच्यांनी दवाखाना गाठला असता. इथं त्यांनी लांडग्याची गोष्ट पुन्हा एकदा रंगवून सांगितली. जिला ठाऊक होतं ती गप्प बसली आणि बाकीचे अभिमानानं फुगले.

बिरदेव दौंडला रेल्वेत पॉइंट्समन होता. कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर, बायको धनश्री म्हणजे भामाबाईच्या त्याच पाठच्या भावाची लेक. दोन हजार आठच्या दिवाळीला गावी आला तेव्हा आई ओसरीपासून चुलीपर्यंत जाताना मधे दोनदा थांबली, हे त्यानं पाहिलं आणि तो पेटलाच.

"आई, आता बास. मेंढरं काढायची आन् तू माझ्याकडं दौंडला चल."

"मी मेल्यावर काढा," भामाबाई म्हणाली.

"तीच येळ येऊ नये म्हणून सांगतोय ना!" बिरदेवचा आवाज फाटला. एवढा मोठा बाप्या, पण डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी पाहून आण्णाही मुलाच्या बाजूला गेला. कोरेगाव भीमाचे सोपानराव मेंढरांचा व्यापार करायचे, ओळखीतले होते. संक्रांतीनंतरच्या चाकणच्या बाजाराला ते टेम्पो घेऊन येणार, वस्तीवरून मेंढरं उचलणार, असं ठरलं. भामाबाईला आधीच दौंडला न्यायचं, म्हणजे तिला ते बघायला नको. तिची घोंगडीसुद्धा बरोबर घेऊ दिली नाही. लोकरीची ना ती!

दौंडच्या क्वार्टरमध्ये लोकरीचा केस औषधालाही नव्हता. धनश्रीनं फरशी दिवसातून दोनदा पुसली, गोधड्या उन्हात टाकल्या, पडदे धुतले. पोरीनं जिवाचं रान केलं. पण दम कमी व्हायचं नाव घेईना. उलट जिना चढून वर आल्यावर भामाबाईला शब्द फुटायला वेळ लागू लागला. रात्र ती पलंगावर भिंतीला टेकून काढायची. बिरदेवनं ड्यूटीवरच्या मंडळींना ऐकवलं, "आमची आई अजून बसून झोपती. धनगराचं रक्त हाय!" लांडगा त्या दिवशी रेल्वेत रुजू झाला.

धनश्रीला मात्र एक गोष्ट खटकत होती. लोकर इथं नाही, मेंढी नाही, धूळ नाही. मग दमा कशाचा? तिनं नवऱ्याला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही, सासूला घेऊन सरळ डॉक्टर मुलाणींच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टर अनिस मुलाणी तरुण होते, पुण्यात शिकून दौंडात येऊन बसले होते. नाव ऐकून भामाबाईनं त्यांना नीट निरखलं.

"कुठलं मुलाणी म्हणायचं तुमी?"

"मूळचे केंदूरचे, आजी."

"आरं द्येवा! मग तुमचं आजोबा बिरोबाच्या जत्रंला आमच्याकडं यायचं. बकरं कापाया, सुरी घिऊन."

"मी सुया घेऊन बसलोय," डॉक्टर हसून म्हणाले. "बोला, काय होतंय?"

"दमा हाय. पंप हाय. झालं."

डॉक्टरांनी छाती ऐकली, पाठ ऐकली, मग विचारलं, "झोपताना उशा किती लागतात?"

"उशी कशाला? मी बसूनच झोपती," भामाबाई ऐटीत म्हणाली आणि लांडग्याच्या गोष्टीला हात घातला. कोकण, काठी, कुत्रं. डॉक्टरांनी ती मन लावून ऐकली. लांडग्याच्या नाकाडावर काठी बसल्यावर दादही दिली. मग म्हणाले, "वा. आता जरा या टेबलावर आडव्या व्हा, पोट तपासू."

भामाबाईची ऐट तिथंच उतरली. नाही म्हणावं तर का म्हणून विचारतील. ती टेबलावर चढली आणि श्वास रोखून आडवी झाली. डॉक्टर पोटावर हात ठेवून काहीतरी विचारत होते, ते तिला ऐकूच येईना. छतावरचा पंखा लांब लांब गेला. तिनं हवेत हात मारला, डॉक्टरांचा दंड सापडला, त्याला धरून ती ओढून उठून बसली आणि तोंड उघडं टाकून धापा टाकू लागली.

डॉक्टरांनी दंड सोडवून घेतला नाही. तिचा श्वास बसेपर्यंत तसेच उभे राहिले. मग त्यांनी नऊवारीचा काठ जरा वर करून पायाला अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

"आजी," ते हळू म्हणाले, "मेंढरं राखायचं सोडल्यावर कशा झोपत होतात?"

भामाबाईनं धनश्रीकडं पाहिलं. भाचीनं तिचा हात धरून ठेवला होता. तेव्हा भामाबाईच्या मनातला बांध फुटला.

"आडवीच झोपत व्हते की," ती म्हणाली. "घोरत व्हते. आता दोन वरसं झाली, आडवं पडलं की बुडाल्यागत व्हतं. म्या सांगितलं न्हाई. सांगितलं आसतं तर ह्यांनी माजी मेंढरं इकली आसती."

"आत्या!" एवढंच धनश्रीच्या तोंडून निघालं.

डॉक्टर खुर्चीवर बसले. म्हणाले, "आजी, शिट्टी दम्यातही वाजते आणि हृदय थकून छातीत पाणी साठलं तरी वाजते. नुसत्या कानानं मला छातीठोक सांगता येणार नाही. हृदयाची पट्टी काढू, छातीचा फोटो काढू. हृदयाची सोनोग्राफी पुण्याला करावी लागेल, त्याला नंबर लावावा लागतो. पण रक्ताची एक नवी तपासणी निघाली आहे, तिचं उत्तर लवकर येतं. हृदयावर ताण पडला की ते रक्तात एक हार्मोन सोडतं. ताण जेवढा मोठा, तेवढा आकडा मोठा. दमा असेल तर आकडा एवढा चढत नाही."

भामाबाईनं सगळं ऐकलं. हार्मोन हा शब्द तिनं सोडून दिला, बाकीचं धरून ठेवलं.

"म्हंजी मेंढरू मागं राह्यलं की वरडतं, तसंच की. काळीज अडचणीत आलं की रगतात वरडतं."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले.

"आन् काळीजच वरडत आसंल तर मग लोकर?"

"मग लोकरीचा काही दोष नाही."

"मेंढरं ठेवली तर चालत्याली?"

"ठेवा की. त्यांच्या मागं पळायचं नाही, एवढंच."

भामाबाईनं लगेच दंडावरचं लुगडं मागं सारलं आणि हात पुढं केला. "घ्या. पायजे तेवढं घ्या."

रक्त घ्यायला खुर्शिद आली. दवाखान्यातच कामाला, आणि राहायला रेल्वे कॉलनीत धनश्रीच्याच इमारतीत. तिनं दंडाला रबर बांधलं, शीर शोधली आणि सुई घातली. भामाबाई सुईकडं न बघता वर बघत पुटपुटत होती.

"काय मागताय आजी?" खुर्शिदनं विचारलं.

"बिरोबाला सांगतीय, काळीजच खराब निघू दे."

खुर्शिदच्या हातातला कापूस खाली पडला. "असलं मागू नये आजी! काही पण काय!"

"तुला काय ठावं पोरी. दमा निघाला तर माजी काजळी बाजारात जाती. बाजार चार दिसांवर आलाय."

जांभळ्या टोपणाची नळी बर्फाच्या डब्यात गेली. डबा घेऊन दवाखान्याचा माणूस दुपारच्या शटलनं पुण्याच्या लॅबमध्ये जाणार होता. भामाबाई डब्याकडं बघत राहिली. लग्नाआधी तिनं पुण्याच्या कडेकडेनं मेंढरं नेली होती, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"माजं रगत माज्या आधी पुण्याला चाललं," ती म्हणाली. "गाडीत बसायला जागा मिळंल ना त्याला?"

त्या संध्याकाळी बिरदेव ड्यूटीवरून आला आणि धनश्रीनं त्याला सगळं सांगितलं. तो बूट न काढता तसाच आईपुढं खाली बसला.

"आई, तू बुडत व्हतीस," तो म्हणाला, "आन् मी लोकांना लांडग्याची गोष्ट सांगत व्हतो."

"तुजा काय दोष? मीच सांगत व्हते."

"मी मेंढरांवर टपलो व्हतो म्हणून ना?"

यावर भामाबाईला खोटं बोलता आलं असतं. पण दोन वर्षांत तेवढं पुरेसं झालं होतं. "व्हय," ती म्हणाली, आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "पर तू बी माज्यासाठीच टपला व्हतास."

पुण्याहून उत्तर यायला दोन दिवस लागतील असं म्हटलं होतं. मशीन मधेच बंद पडलं आणि उत्तर लांबलं. ते दिवस क्वार्टरमध्ये विचित्र गेले. बिरदेव-धनश्री देवापुढं हात जोडून म्हणत होते की आईचं हृदय धड निघू दे, आणि त्याच देवापुढं आई नेमकं उलटं मागत होती. बिरोबाची पंचाईतच झाली असणार.

बिरदेवला वाटत होतं, सोपानरावांना टेम्पो थांबवायला सांगावं. पण हात फोनकडं जाऊन मागं यायचा. दमाच निघाला तर? मग आज थांबवून उद्या पुन्हा आईच्या डोळ्यांसमोर तेच करायचं? आईनंही त्याला गळ घातली नाही. मुलाकडं मागायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. ती जे मागायचं ते वर मागत होती.

बाजाराचा दिवस उजाडला. सकाळी खुर्शिद जिना धावत चढून आली आणि दारातच थांबली. तिला हसावं की रडावं कळेना.

"डॉक्टरसाहेबांचा फोन आला होता. आजीचा आकडा पाच हजारांच्या वर आहे. तो काही शेकड्यांत असायला पाहिजे. हृदयाचंच आहे. ताबडतोब घेऊन या म्हणालेत, औषध आजपासून सुरू."

धनश्री मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. बिरदेवनं दाराची चौकट धरली. आणि पलंगावर भिंतीला टेकलेली भामाबाई दोन्ही हात वर करून म्हणाली, "आला गं माजा बिरोबा धावून! ए बिरदेवा, बन्सीला फोन लाव. टेम्पो आला आसंल."

बिरदेवला तिच्याकडं बघून हसूही आलं आणि रडूही. डोळे पुसत त्यानं मोबाइल काढला. बन्सीनं दुकानातून हाळी घातली, आण्णा धावत आला. फोन भामाबाईनं हातात घेतला होता.

"मेंढरं कुठंयत?" तिनं विचारलं.

"टेम्पोत," तिकडून आण्णाचा आवाज आला. आवाजाला धार नव्हती. "निम्मी चढली. काजळी चढंना. चार गड्यांना ऐकंना."

"उतरवा समदी खाली. मला दमा न्हाई. माजं काळीज खराब हाय!"

पलीकडून आण्णा रडक्या आवाजात म्हणाला, "अगं मग येवढी हरकलीस कशापायी?"

"लोकरीचं न्हाई म्हणून! उतरवा आधी, मग रडा."

आण्णानं मेंढरं उतरवली. सोपानराव भले गृहस्थ. त्यांनी स्वतः फळी धरली, आण्णाला पाणी पाजलं आणि रिकामा टेम्पो घेऊन चाकणला गेले. काजळीला उतरवायचा प्रश्नच नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "हृदय थकलंय. ते पुन्हा तरणंबांड होणार नाही. पण औषधांनी त्याच्यावरचा भार उतरवता येतो. अशी कित्येक माणसं चांगली जगतात." लघवीच्या गोळीनं छातीतलं आणि पायातलं पाणी उतरू लागलं. त्या गोळीला भामाबाईनं भरपूर शिव्या घातल्या, कारण ती घेतली की बसलेल्या जागी बूड टेकू देत नसे. पुण्याला जाऊन हृदयाची सोनोग्राफीही झाली आणि रक्तानं सांगितलेलं तिनं खरं ठरवलं. मिठाचं मात्र जड गेलं. मेंढरांना चाटायला मिठाचे खडे ठेवायचे आणि आपण अळणी भाकरी खायची, हा न्याय तिला पटेना. मिरचीच्या खर्ड्याशिवाय घास उतरायचा नाही. धनश्रीनं लिंबू पिळून, लसूण भाजून बिनमिठाचा खर्डा करून पाहिला. भामाबाई पहिल्या दिवशी म्हणाली, "गवत बरं." आठवड्यानं म्हणाली, "वाईच अजून वाढ."

थंडी सरता सरता ती वस्तीवर परतली. औषधांची पिशवी आण्णाच्या ताब्यात. मेंढरांच्या मागं आण्णा जायचा आणि ती लिंबाखाली बसून कोकरं सांभाळायची. काजळीनं तिला पाहिल्यावर जो काही आवाज केला, त्याचा अर्थ तिनं कुणाला सांगितला नाही; नुसतीच पदरानं डोळे पुसत बसली.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी तीच तपासणी पुन्हा करायला सांगितली. या वेळी एस.टी.नं ती दोघं शिरूरला गेली. तिथल्या लॅबवाल्यानं रक्त घेऊन पुण्याला पाठवलं. आकडा हजाराच्याही खाली आला होता. डॉक्टर फोनवर इतके खूश झाले की आण्णाला वाटलं, हा मुलाणी आता नाचतोय की काय.

"म्हंजी काय झालं?" आण्णानं फोन ठेवल्यावर बायकोला विचारलं.

"वरडणं कमी झालं," भामाबाई म्हणाली आणि कोकराला पाजायला उठली.

त्याच दिवशी दुपारच्या जेवणानंतरची गोष्ट. आण्णा विहिरीवरून बादली घेऊन येत होता. लिंबाखाली नजर गेली आणि त्याच्या हातातली बादली सुटली. घोंगडीवर भामाबाई पडली होती. आडवी. अगदी सपाट, हातपाय पसरून, तोंड आभाळाकडं. काठी बाजूला पडलेली. एक कोकरू तिच्या पोटाशी उभं राहून पदर चघळत होतं आणि तिला पत्ता नव्हता.

दोन अडीच वर्षांत आण्णानं तिला असं पाहिलं नव्हतं. "भामे!" तो ओरडला आणि चप्पल टाकून पळत सुटला. हाक ऐकून रंगुबाई घरातून धावत आली, तिनं एक नजर टाकली आणि कपाळावर हात मारून गळा काढला. आण्णा गुडघ्यांवर कोसळला. भामाबाईचे खांदे धरून गदागदा हलवू लागला. "भामे, अगं भामे! आत्ता तर बरी झाली व्हतीस गं!"

भामाबाईनं एक डोळा उघडला. मग दुसरा. रंगुबाईचा गळा मधेच बंद पडला. भामाबाईनं आण्णाच्या डोळ्यांतून वाहणारं पाणी पाहिलं, आणि पडल्या पडल्याच हातानं काठी चाचपली.

"काय झालं?" ती म्हणाली. "लांडगा आला काय?"

त्यानं मान हलवली. मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, कोकराच्या तोंडातून तिचा पदर सोडवला आणि म्हणाला, "न्हाई. काय न्हाई. तू झोप."

तिला दोनदा सांगावं लागलं नाही. ती लगेच घोरायला लागली. रंगुबाई तोंडावर पदर धरून हसत घरी गेली. आण्णानं काठी उचलली, भामाबाईच्या उशाशी बसला, गुडघे पोटाशी घेतले, काठीवर हनुवटी टेकवली आणि ती आपोआप उठेपर्यंत तिथंच राखण करत बसून राहिला.